विश्लेषण : दरवाजा निघतो, मग बोल्ट का निघत नाही? जीपच्या अडकलेल्या बिजागऱ्या सोडवायच्या कशा?

दरवाजे काढून फिरता येणारी गाडी, ही जीप रँग्लरची जगभरातली ओळख. दोन बोल्ट सोडवा, वायरचा जोड काढा, दरवाजा वर उचला, इतके हे काम सोपे आहे. पण बिजागरीच बदलायची किंवा रंगकामासाठी काढायची वेळ आली की चित्र पालटते. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाल्लेला बोल्ट जागचा हलत नाही. जास्त जोर लावला तर त्याची खाच गुळगुळीत होते, नाही तर डोके तुटते. मग एका छोट्याशा बोल्टपायी गाडीच्या खांबाचा पत्रा कापण्याची पाळी येते. हे का घडते आणि कसे टाळता येते, याविषयी.

दरवाजाचा बोल्ट आणि बिजागरीचा बोल्ट वेगळे कसे?

बहुतेक मोटारींच्या बिजागऱ्या दरवाजाच्या आत लपलेल्या असतात. जीपच्या मात्र बाहेर, उघड्यावर असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलीज जीपला लोखंडी दरवाजेच नव्हते. पुढच्या गाड्यांना दरवाजे आले, पण ते काढता येतील अशी सोय कायम राहिली. महिंद्रने भारतात १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यातल्या आजच्या थारच्या बिजागऱ्याही बाहेरून दिसतात. रँग्लरची जुळणी २०२१ पासून पुण्याजवळच्या रांजणगाव येथे होते.

रँग्लरच्या बिजागरीचे दोन भाग असतात. एक दरवाजाला जोडलेला, दुसरा गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबाला. दरवाजा काढताना फक्त या दोन भागांना जोडणाऱ्या खिळीचा बोल्ट सोडवावा लागतो. तो अधूनमधून निघत असल्याने सहसा त्रास देत नाही. खरी अडचण बिजागरी खांबाला पक्की करणाऱ्या बोल्टची. कारखान्यात गाडी तयार होते तेव्हा तो आवळला जातो. त्यानंतर पंधरा-वीस वर्षे त्याला कुणी हात लावत नाही.

बोल्ट नेमका कशामुळे अडकतो?

याची चार कारणे आहेत आणि बहुतेक वेळा ती एकत्रच भेटतात. पहिले कारण गंज. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा दोन ते सहापट जागा व्यापतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो तयार झाला की पाचरीसारखा घट्ट बसतो. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तेच काम करतो.

दुसरे कारण दोन वेगळ्या धातूंचा संग. २०१७ मध्ये आलेल्या जेएल पिढीच्या रँग्लरचे दरवाजे आणि बिजागऱ्या ॲल्युमिनियमच्या आहेत, बोल्ट मात्र पोलादी. या दोन धातूंमध्ये खारे पाणी शिरले की छोटी विद्युतघटमालाच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी बोल्टभोवती दाटून बसते. २०१६ पर्यंत बनलेल्या जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचे मालकही याच दुखण्याशी झुंजतात, कारण तिथेही ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पोलादी बोल्ट शेजारी आहेत.

तिसरे कारण रंग. बिजागरी बसवल्यानंतर सांगाडा रंगवला जातो, त्यामुळे बोल्टचे डोके आणि बिजागरी यांच्यामधली फट रंगाने बुजते. चौथे कारण आट्यांना लावलेला गोंद, म्हणजेच थ्रेडलॉकर. कंपनांनी बोल्ट सैल होऊ नये म्हणून तो लावतात आणि सोडवताना तोच आडवा येतो.

खाच गुळगुळीत का होते?

या बोल्टना साध्या पान्याने धरता येणारे षट्कोनी डोके नसते. डोक्यात सहा पाकळ्यांच्या फुलासारखी खाच असते. तिला टॉर्क्स म्हणतात. अमेरिकेतील कॅमकार कंपनीने १९६७ मध्ये ही रचना आणली. जुन्या टीजे पिढीच्या रँग्लरमध्ये खांबाकडच्या बोल्टसाठी टी-४० बिट लागते. नव्या गाडीत दरवाजा काढण्यासाठी टी-५० बिट लागते. टी-४० चे टोकापासून टोकापर्यंतचे माप सुमारे ६.७ मिलिमीटर, तर टी-५० चे सुमारे ८.८ मिलिमीटर.

गफलत होते ती अशी. खाचेत रंग आणि माती साचलेली असते. बिट पूर्ण आत जात नाही, फक्त वरच्या कडेवर टेकते. मग लांब दांड्याचा पाना लावून जोर दिला की सगळा भार त्या कडेवर येतो आणि पाकळ्या सोलून निघतात. एक आकार लहान बिट लावले तरी हेच घडते. त्यामुळे पहिले काम जोर लावण्याचे नसून खाच साफ करण्याचे आहे. दाभणाने किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरने तळापर्यंतचा रंग खरवडून काढावा. मग नवे, दर्जेदार बिट हातोडीने ठोकून आत बसवावे.

सोडवण्याचा क्रम कसा असावा?

आधी दरवाजाचे वजन बिजागरीवरून उतरवावे. शक्य असेल तर दरवाजाच काढून ठेवावा. नसेल तर खाली जॅक आणि लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा आणि सोबत एक माणूस ठेवावा. बिजागरीची जागा मार्करने किंवा चिकटपट्टीने आखून घ्यावी, नाही तर परत बसवताना दरवाजा खाली-वर होतो. बोल्टच्या डोक्याभोवतीचा रंग धारदार पात्याने कापावा.

यानंतर आट्यांत मुरणारे तेल सोडावे. घरोघरी दिसणारे डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये मुळात पाणी हटवण्यासाठी बनवले गेले होते. त्याच्या नावातच ते आहे. हलक्या गंजाला ते चालते. जुनाट गंजासाठी मात्र खास पेनिट्रेटिंग ऑइल बरे. खांबाच्या आतली प्लास्टिकची झाकणे काढून मागच्या बाजूने नटापर्यंत पोहोचता येत असेल, तर तेल तिथूनही द्यावे. ते रात्रभर मुरू द्यावे, मध्ये दोन-तीनदा पुन्हा सोडावे. इथे घाई करणाऱ्याचेच बोल्ट सहसा तुटतात.

दुसऱ्या दिवशी धक्क्याची पाळी. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर इथे सर्वांत उपयोगी. ठोका बसताच तो बिटला खाचेत आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडे फिरवतोही. त्यामुळे बिट निसटत नाही आणि गंजाचा थर तडकतो. नुसता सलग जोर लावण्यापेक्षा धक्के अधिक काम करतात. त्यामागे गणित आहे. बोल्ट आवळताना लावलेल्या बळापैकी साधारण ९० टक्के घर्षणात खर्च होते. त्यातले निम्म्याहून अधिक डोक्याखाली, उरलेले आट्यांमध्ये. हे घर्षण मोडणे हेच खरे काम.

बोल्ट किंचित हलला की उत्साहाच्या भरात सरळ बाहेर काढू नये. पाव फेरा सोडवावा, थोडा परत आवळावा, तेल सोडावे, पुन्हा सोडवावा. अशाने गंजाची भुकटी आट्यांमधून बाहेर पडते. एका वेळी एकच बोल्ट काढावा, बाकीचे जागेवर असू द्यावेत.

उष्णता द्यावी का? किती?

तेल आणि धक्के दोन्ही हरले तर उष्णता. तापल्यावर पोलाद प्रसरण पावते, ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे ॲल्युमिनियमची बिजागरी तापवली की बोल्टभोवतीची तिची पकड सुटते. पोलादी नटात हिशेब वेगळा. ८ मिलिमीटरचा नट बोल्टपेक्षा २०० अंश सेल्सिअसने अधिक तापला, तर त्याचे छिद्र साधारण ०.०२ मिलिमीटरने मोठे होते. आकडा नगण्य वाटतो, पण गंजाचा थर तडकायला तेवढे पुरते. आट्यांना लाल रंगाचा जास्त ताकदीचा गोंद असेल तर तो सुमारे २५० अंशांना मऊ पडतो. हा गोंद तेलाने सुटत नाही.

मात्र खांबाच्या आत वायरी, फोम आणि अस्तर असते. त्यामुळे उघडी ज्योत टाळावी. हीट गन किंवा फक्त धातू तापवणारा इंडक्शन हीटर वापरावा आणि भोवतीच्या रंगावर ओले फडके ठेवावे. आदल्या दिवशी सोडलेले तेल ज्वलनशील असते. ते पूर्ण पुसल्याशिवाय उष्णता देऊ नये. ॲसिटोन मिसळलेले घरगुती मिश्रण वापरले असेल तर ही खबरदारी दुप्पट.

खाच गेलीच किंवा डोके तुटले तर?

खाच सोलली गेली असेल तर थोडे मोठे बिट ठोकून बसवता येते. तेही जमले नाही तर डोक्यावर नट ठेवून वेल्डिंग करणे हा गॅरेजमधला खात्रीचा उपाय. नवा नट पकडायला मिळतो आणि वेल्डिंगची उष्णता बोल्टच्या आतपर्यंत जाते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी आणि हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

दुसरा मार्ग म्हणजे डोके ड्रिलने कापून बिजागरी बाजूला काढणे. डोके गेले की बोल्टवरचा ताण संपतो. उरलेला दांडा अनेकदा ग्रिप प्लायरने सहज फिरतो. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल बिट मिळाले तर भोक पाडतानाच तो बाहेर येऊ शकतो. दांड्यात ठोकून बसवायचे स्क्रू एक्स्ट्रॅक्टर मात्र जपून वापरावे. ते अतिशय कडक पोलादाचे असतात. आत तुटले तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही.

सर्वांत वाईट शक्यता वेगळीच आहे. खांबाच्या आत वेल्डिंगने धरलेला नट सुटतो आणि बोल्टबरोबर गरगर फिरू लागतो. मग पत्रा कापून आत पोहोचण्यावाचून फारसा पर्याय राहत नाही. म्हणूनच बोल्ट दाद देत नसेल तर दांडा आणखी लांब करण्यापेक्षा थांबणे स्वस्त पडते.

परत बसवताना काय पाहावे?

नटातले आटे टॅपने साफ करावेत. जुने बोल्ट पुन्हा न वापरता त्याच दर्जाचे नवे घ्यावेत. गंजत नाही म्हणून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घेण्याचा मोह होतो, पण तो महागात पडू शकतो. नेहमी मिळणाऱ्या ए२-७० दर्जाच्या स्टेनलेस बोल्टची ताकद ७०० मेगापास्कल असते, तर १०.९ दर्जाच्या पोलादी बोल्टची १००० मेगापास्कल. शिवाय स्टेनलेस स्टील ॲल्युमिनियमची झीज वाढवते. याच कारणाने ॲल्युमिनियमच्या बिजागरीला तांबेयुक्त अँटी-सीझ लावू नये. आटे तेलकट झाले की तेवढ्याच बळात बोल्ट जास्त ताणला जातो, त्यामुळे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी आहे का, हे तपासून टॉर्क रेंचनेच आवळावे.

हा काटेकोरपणा दिखाव्यासाठी नाही. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनुसार मोटारीच्या बाजूच्या दरवाजाच्या बिजागऱ्यांनी लांबीच्या दिशेने ११ हजार न्यूटन, म्हणजे सुमारे ११०० किलो वजनाइतका भार सोसायला हवा. सहज काढता येणाऱ्या दरवाजांना त्या नियमात सूट आहे, पण अपघात अशी सूट देत नाही.

भारतात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. शिवाय दरवाजा काढला की त्यावरचा आरसाही जातो. त्यामुळे दरवाजे उतरवून मिरवण्याआधी आरटीओकडे चौकशी केलेली बरी. बिजागरीच्या बोल्टना मात्र वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, गोड्या पाण्याने धुऊन आणि कोरडे करून फटींवर गंजरोधक फवारा मारला, तर पुढच्या दुरुस्तीत हातोडी उचलण्याची वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते.