मिक जनुक : गुन्हेगार की नुसता हजर?

प्रोस्टेट कॅन्सरच्या गाठींमध्ये ‘मिक’ हे जनुक अनेकदा वाजवीपेक्षा जास्त सक्रिय आढळतं. पण आगीच्या जागी सापडलेला प्रत्येक जण आग लावणारा नसतो. मिकमुळे कॅन्सर होतो, की कॅन्सर झाल्यावर मिक चेकाळतं? नुसती रुग्णाची गाठ तपासून याचा निकाल लागत नाही.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने त्यासाठी उंदीर निवडला. उंदराला हा कॅन्सर सहसा आपणहून होत नाही. त्यामुळे झालाच तर संशय थेट घातलेल्या जनुकावर जातो. मात्र मिक फक्त प्रोस्टेटमध्येच जागं व्हायला हवं होतं. म्हणून मानवी मिकच्या पुढे ‘प्रोबेसिन’ जनुकाचा स्विच जोडला, काही उंदरांत जोरकस, तर काहींत मंद. नर वयात येऊन पुरुषी संप्रेरक वाढलं, की हा स्विच मुख्यतः प्रोस्टेटमध्ये चालू होतो. असा डीएनए काचेच्या अतिसूक्ष्म सुईने फलित अंड्यात सोडतात आणि जन्मलेल्या पिल्लांच्या शेपटीचा कणभर तुकडा तपासून तो कोणात रुजला ते पाहतात.

२००३ साली निकाल प्रसिद्ध झाला. जोरकस स्विचच्या उंदरांत सुमारे सहा महिन्यांत कॅन्सर आसपासच्या ऊतींत घुसला. मंद स्विचच्या उंदरांत वर्षभराच्या आसपास. मात्रेनुसार बदलणारा हा वेग सर्वांत बोलका पुरावा. शिवाय गाठी वाढताना ‘एनकेएक्स३.१’ हे संरक्षक जनुक मावळलं, जसं माणसातही घडतं.

उंदराचं प्रोस्टेट मात्र वेगवेगळ्या खंडांचं, माणसाचं एकसंध. त्यामुळे उंदरावर गुण आलेल्या औषधाला रुग्णांवरच्या चाचण्या चुकत नाहीत.