लेक पदवीधर झाली, आता दुकानात काय दाखवाल?

सराफ मित्रांनो, मुलगी ग्रॅज्युएट झाली म्हणून आई-बाबा दुकानात आले की लगेच लग्नाचे सेट काढू नका. आधी विचारा, "ताई, मुलगी रोज काय घालेल?" मोठा हार लॉकरमध्ये पडून राहतो, नाजूक चेन, छोटे टॉप्स ऑफिसलाही चालतात.

खड्यांचा दागिना असेल तर १८ कॅरेट दाखवा. हे सोनं कडक, खडे घट्ट बसतात. हॉलमार्कचा एचयूआयडी 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर गिऱ्हाईकासमोरच तपासा. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, हेही स्पष्ट सांगा.

बिलात वजन, शुद्धता, मजुरी वेगवेगळी लिहा. आणि बिल मुलीच्याच नावावर करायला सुचवा. लग्नासाठी नाही, तिने शिकून मिळवलेल्या पदवीसाठी आहे हा दागिना! पहिल्या पगाराची खरेदी करताना तिला तुमचंच दुकान आठवायला हवं.