छंद विमानाचा, डोकेदुखी थिनरची

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गृहस्थ दवाखान्यात आले. वय 63. नोकरी सगळी ओझरच्या विमान कारखान्यात झालेली. तक्रार डोकेदुखीची. संध्याकाळी कपाळ जड होते, मळमळते, उठताना भोवळ आल्यासारखे वाटते. रात्री जेवण जात नाही आणि सकाळी पाहावे तर काहीच नाही! रक्तदाब ठीक, साखर ठीक. मानेचा एक्स-रे ते आधीच काढून घेऊन आले होते. त्यात झीज होती, पण साठीनंतर ती कोणाच्या मानेत नसते? मला खटकत होते ते वेगळेच. मानेचे दुखणे आठवड्यात दोनच दिवस हजेरी लावून बाकीचे दिवस रजेवर जात नाही.

मी त्यांना गोळ्या थोड्याच दिल्या आणि एक काम सांगितले. डोके दुखेल त्या तारखेवर कॅलेंडरमध्ये फुली मारायची. तीन आठवड्यांनी ते सपत्नीक आले. कोडे वहिनींनीच सोडवले होते. "डॉक्टर, ज्या दिवशी हे खोली बंद करून विमानाला रंग देत बसतात, त्याच दिवशी फुली आहे बघा."

विमान म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेली हुबेहूब प्रतिकृती. त्यांचे होते मिग-21, खऱ्याच्या 72 पट लहान. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 7 मीटरहून थोडा अधिक. यांच्या टेबलावर तो 10 सेंटिमीटर. ओझरचा कारखाना 1964 साली याच विमानासाठी उभा राहिला आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला हवाई दलाने मिग-21 ला निरोप दिला. ज्याने उमेदीची वर्षे त्या विमानापाशी घालवली, त्याने निवृत्तीनंतर ते घरी बांधायला घेतले यात नवल नाही.

मी मुद्दाम घरी जाऊन पाहिले. नुसते जोडून ही मंडळी थांबत नाहीत. कारखान्यातून निघालेले चकचकीत विमान त्यांना खोटे वाटते. ते वापरलेले, उन्हापावसातले दिसले पाहिजे. 1971 च्या युद्धाच्या वेळी आपल्या काही चंदेरी मिग-21 वर घाईने हिरवट रंग चढवले गेले होते, तसे विमान यांना करायचे होते. म्हणून आधी चंदेरी रंग, त्यावर ओलसर जागी मिठाचे दाणे, वरून हिरवा फवारा, आणि वाळल्यावर मीठ खरवडायचे, की रंगाचे पोपडे उडाल्यासारखी चांदी खालून डोकावते. मग काळपट तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांत सोडायचा. शेपटाकडच्या काजळीसाठी खडूची काळी भुकटी. खाली प्लायवूडचा पाट. त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची धावपट्टी, चाळलेली लाल माती, रंगवलेल्या भुशाचे गवत. पाहून मी खरोखर थक्क झालो.

आणि मग खोली पाहिली. दहा बाय आठची. खिडकी बंद, कारण बाहेरची धूळ ओल्या रंगावर बसते. पंखा बंद, कारण फवारा उडतो. दाराच्या फटीला फडके. टेबलावर थिनरची उघडी वाटी. आणि चष्मा वर्तमानपत्र वाचायचा! त्या चष्म्याने एवढे बारीक काम दिसत नाही म्हणून गृहस्थ वाकत वाकत नाक थेट त्या वाटीवर नेऊन बसायचे. तीन-तीन तास. शेजारी स्टुलावर सहा वर्षांचा नातू, आजोबांचा मदतनीस.

थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन यांसारखी द्रावणे असतात. रंग वाळतो म्हणजे ती उडून हवेत जातात, आणि खोली बंद असेल तर आपल्या फुफ्फुसात. तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. डोके दुखणे, मळमळ, भोवळ, झापड हे सगळे त्याचेच. मोकळ्या हवेत काही तासांत उतार पडतो, म्हणून तर सकाळी गृहस्थ ठणठणीत! पण अशी वाफ वर्षानुवर्षे घेतली तर स्मरणशक्ती आणि नसांवर कायमचा परिणाम होऊ शकतो. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यापेक्षा जास्त हवा आत घेते, त्यामुळे त्या खोलीत मला जास्त काळजी नातवाची वाटली.

वासाची सवय होते, हाही एक धोका आहे. "आता वास येत नाही" असे रंगवणाराच म्हणतो. बाहेरून आलेला माणूस दारातच नाकाला रुमाल लावतो.

वहिनींचे म्हणणे, हे खूळ बंदच करा. मी त्यांच्या बाजूने नव्हतो. निवृत्तीनंतर दिवसभर खुर्चीत बसून टीव्हीसमोर पेंगणारे आणि त्यापायी खचलेले पुष्कळ लोक मी रोज पाहतो. ज्याचे हात कामात आहेत आणि ज्याला उद्या सकाळी काहीतरी पुरे करायचे आहे, त्याचा छंद औषधासारखा जपावा. बदलायची होती ती खोली. जोडकाम, घासकाम आत. रंग आणि थिनर गच्चीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, वारा पाठीकडून येईल असे बसून. धुळीसाठी वाळत्या विमानावर खोका पालथा घालावा, तेवढे पुरते. थिनरची वाटी काम नसताना झाकलेली. जवळ उदबत्ती, निरांजन, विडी काही नाही, कारण ही वाफ भडकन पेटते. पुढच्या महिन्याच्या कॅलेंडरवर एकही फुली नव्हती.

कोविडपासून घरोघरी एन-95 मास्क पडून आहेत. ते धूळ आणि रंगाचे तुषार अडवतात, थिनरची वाफ अडवत नाहीत. त्यासाठी कोळशाची डबी बसवलेला मास्क लागतो. साध्या कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासले तर भुकटी उडतच नाही.

चष्म्याचे म्हणाल तर डोळे तपासताना आपण किती अंतरावर काम करतो ते स्पष्ट सांगावे. कपाळाला पट्ट्याने बांधायचे कमी शक्तीचे भिंग मिळते; त्याने वस्तू वीत-दीड वीत दूर धरता येते. मानही वाचते आणि नाकही.

काही मंडळी ब्रशचे टोक ओठांत धरून टोकदार करतात. क्रोम पिवळ्या रंगात शिसे असते. 1920 च्या सुमारास अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग देणाऱ्या मुली असेच करत. त्यांच्यातल्या कित्येकींच्या जबड्याचे हाड कुजले, काही दगावल्या. ब्रश फडक्यावर फिरवावा.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणपाण्यात धरून हळूहळू सोडवा. तो गोंद सांडला तर कापसाने मात्र पुसू नका. कापसाशी संयोग होऊन तो एवढा तापतो की कातडी भाजते. डोळ्यात गेल्यास भरपूर पाणी मारून नेत्रतज्ज्ञाकडे जावे, पापण्या ताणू नयेत. टोकदार पाते टेबलावरून निसटले तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या. आम्ही गळू फोडायला 11 नंबरचे पाते वापरतो, हे जवळजवळ तसेच असते.

शेवटी एक गोष्ट, जी विमाने न बांधणाऱ्यांनीही वाचावी. थिनर किंवा टर्पेंटाइन थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. मुलाने ते प्याले तर उलटी काढवू नका. मिठाचे पाणी नाही, घशात बोट नाही. रॉकेलसारखेच हे द्रव उलटीबरोबर श्वासनलिकेत उतरते आणि फुफ्फुसाला सूज आणते. मूल खेळते-हसते दिसले तरी थांबू नये, कारण खोकला आणि धाप काही तासांनी सुरू होऊ शकते. तडक रुग्णालयात न्या, आणि ती बाटली बरोबर घ्या.