हंगामापूर्वी पाणबुड्याचा साज

नारळी पौर्णिमेला सागरास नारळ अर्पण झाला की कोकणच्या किनाऱ्यावर होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागतात. मालवण-तारकर्लीच्या पाणबुड्यांना मात्र आणखी काही आठवडे धीर धरावा लागतो. पावसाने गढूळलेले पाणी निवळल्याखेरीज सिंधुदुर्गालगतचे खडक, त्यांवरील प्रवाळ आणि भोवती वावरणारे मासे नीट दृष्टीस पडत नाहीत. साधारणतः ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्यांचा हंगाम चालतो. मधले महिने उपकरणे कोठीत पडून असतात. वापराने यंत्र झिजते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु नुसते पडून राहण्यानेही पाणबुड्याच्या उपकरणांस बाधा होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पाठीवरील सिलिंडरापासूनच आरंभ करू. सुमारे ११ लिटर पाणी मावेल एवढ्या या भांड्यात वातावरणाच्या २०० पट दाबाने हवा भरतात. म्हणजे बाहेरची जवळजवळ २,२०० लिटर हवा त्यात कोंडली जाते. ही आपली नेहमीचीच हवा असते, शुद्ध प्राणवायू नव्हे. मिनिटास २० लिटर हवा घेणाऱ्या मनुष्यास ती पाण्याबाहेर ११० मिनिटे पुरेल. पाण्यात दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि बॉइलच्या नियमानुसार हवेचे आकारमान त्या मानाने आक्रसते. त्यामुळे २० मीटर खोलीवर तोच साठा सुमारे ३७ मिनिटांत संपेल. त्यातूनही परतीची शिल्लक राखावयाची असतेच.

आता असे समजा की, पोलादी सिलिंडरात खारे पाणी शिरले आणि तो तसाच महिनोन्‌महिने पडून राहिला. आतून गंज चढू लागतो. गंजणे म्हणजे लोखंडाचा पाण्याच्या सान्निध्यात प्राणवायूशी होणारा संयोग. हा प्राणवायू येतो कोठून? आत कोंडलेल्या हवेतूनच! हवेत प्राणवायूचा वाटा सुमारे २१ टक्के. त्यातील अर्धा गंजाने गिळला तरी एकूण दाब जेमतेम दहाव्या हिश्श्याने उतरतो. दाबमापकाचा काटा फारसे काही सांगत नाही, हवेला वासही येत नाही. गुदमरल्याची भावना मुख्यतः कार्बन डायॉक्साइड साठल्याने होते, प्राणवायू घटल्याने नव्हे. म्हणून अशी हवा घेणारा पाणबुड्या कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होऊ शकतो. या प्रकारे माणसे प्राणास मुकली आहेत.

साठवणीत सिलिंडर अगदी रिकामा न ठेवता थोडा दाब राखतात, तो बाहेरची दमट हवा आत शिरू नये म्हणून. हंगामापूर्वी मात्र ही शिळी हवा सोडून देऊन, झडप उतरवून, आत लहानसा दिवा सोडून भिंती न्याहाळाव्या लागतात. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरास तांबडा गंज चढत नाही. पण त्यात खड्डे पडू शकतात, आणि जुना असल्यास मानेच्या आट्यांत चिरा शोधाव्या लागतात.

ठराविक वर्षांनी मोठी परीक्षा होते, ती हवेने नव्हे, पाण्याने. सिलिंडर पाण्याने भरून नेहमीच्या कमाल दाबाहून बराच अधिक दाब देतात व तो किती फुगतो, दाब काढल्यावर पूर्ववत होतो की नाही, हे मोजतात. पाणी जवळजवळ दबत नसल्याने सिलिंडर फुटलाच तरी चीर पडून भागते. हवा असती तर भयंकर स्फोट झाला असता. उत्तीर्ण सिलिंडरावर परीक्षेची तारीख ठोकून उमटवतात.

परंतु या सर्व साजात मला अधिक नवल वाटते ते रेग्युलेटरचे. १९४३ साली फ्रेंच नौदलातील अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमील गान्याँ यांनी तो सिद्ध केला. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालत. त्यांच्यासाठी बनविलेली झडप गान्याँपाशी होती. तिचेच तत्त्व श्वासास लागू पडले. आजच्या रेग्युलेटरचा पहिला टप्पा सिलिंडरातील प्रचंड दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबाहून सुमारे ९-१० वातावरणे अधिक इतक्यावर आणतो. तोंडाजवळच्या दुसऱ्या टप्प्यात एक पातळ पडदा असतो. श्वास आत ओढताच तो आत वाकतो, तरफ दाबली जाते आणि हवी तेवढीच हवा मिळते.

या नाजूक तरफेवर मिठाचा कण बसला, किंवा रबरी कड्यास चीर गेली, की हिशेब चुकतो. पहिली चाचणी अगदी साधी आहे. सिलिंडराची झडप बंद ठेवून, नळ्यांतील दाब काढून, तोंडाने हळू हवा ओढावी. काहीच येता कामा नये. आली तर जेथून हवा आली तेथून उद्या पाणीही येईल. मग दाब भरून सारी जुळणी हौदात बुडवायची आणि बुडबुडे पाहायचे. सायकलच्या दुकानात घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधतात ना, तोच हा प्रकार! आतील सुटे भाग बदलण्याचे काम मात्र प्रशिक्षित कारागिराचेच. रबरी कड्यांस खनिज तेलाचे ग्रीझ चोपडू नये. त्याने रबर फुगते. सिलिकोनचे वापरावे.

हवा भरणाऱ्या काँप्रेसरची गाळणी बदलणे हेही याच दिवसांतले काम. त्याचे हवा ओढणारे तोंड इंजिनाच्या धुराड्यापासून दूर व वाऱ्याच्या बाजूस हवे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनास प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. आणि तिप्पट दाबाखाली, म्हणजे २० मीटरवर, त्याचा अंशही तिप्पट भारी होतो.

तरंगजाकीट फुगवून रात्रभर ठेवावे. सकाळी मऊ पडलेले आढळल्यास कोठेतरी गळती आहे. मास्कची कड, कल्ल्यांचे पट्टे, संगणकाची बॅटरी यांची तपासणी घटकाभरात उरकते.

सारे जुळले की पहिली बुडी खोल पाण्यात घेत नाहीत. किनाऱ्याजवळ, तीन-चार मीटर पाण्यात, सोबत्यासह गुडघ्यांवर बसून एकेक झडप, एकेक बकल हाताळून पाहतात. वर आल्यावर गोड्या पाण्याची बादली तयारच असते.