गिरमिटे व बिटे ठेवण्याची सुटसुटीत पेटी

पेरणीच्या दिवसांत वाफसा फार काळ थांबत नाही. अशा वेळी पेरणीयंत्राच्या फणाचा बोल्ट तुटावा, नवा बोल्ट हाताशी असावा, ड्रिल यंत्रही घरात असावे, आणि नेमके त्या मापाचे गिरमिट मात्र सापडू नये, हा अनुभव अनेक शेतकऱ्यांना आलेला असतो. पत्र्याचा डबा उपडा करून खिळे, वायसर, तारेचे तुकडे आणि गंजलेली पाती चिवडण्यात अर्धा दिवस जातो. शेवटी गिरमिट सापडते ते बोथट झालेले असते. मग तालुक्याच्या गावी हेलपाटा घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मोठ्या किमतीचे यंत्र बोटाएवढ्या पोलादी काडीसाठी बांधावर उभे राहते व इकडे जमिनीतील ओल उडून जाते.

पूर्वी गावच्या सुताराजवळ सामता आणि चारदोन गिरमिटे असत. ती तो आपल्या मुलासारखी जपत असे. आता विजेवर व विजेरीवर चालणारी ड्रिल यंत्रे शेतकऱ्यांच्या घरोघरी येत आहेत. त्यांच्याबरोबर लोखंडाची गिरमिटे, भिंतीची गिरमिटे आणि पेच पिळण्याची बिटे असा वीस-पंचवीस लहान वस्तूंचा संसारही आला आहे. यंत्र जपले जाते. मात्र प्रत्यक्ष काम ज्या धारेने होते, ती धार डब्यात एकमेकांवर आपटून मरते. या वस्तूंसाठी एक लहानशी लाकडी पेटी गावातच कशी करावी, हे या लेखात दिले आहे.

आधी यादी, मग पेटी

बाजारात तयार प्लॅस्टिकच्या पेट्या मिळतात. त्या वाईट असतात असे नाही. परंतु त्यांतील जागा विकणाऱ्याच्या संचाप्रमाणे ठरलेल्या असतात, शेतकऱ्याच्या कामाप्रमाणे नव्हे. जी मापे कधी लागत नाहीत ती पेटीत जागा अडवतात, आणि जी रोज लागतात त्यांचे एकेकच नग असतात. यास्तव पेटी करण्यापूर्वी आपल्या शेतावरील यंत्रांना कोणत्या मापाचे बोल्ट व पेच आहेत ते एकदा पाहून घ्यावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. ८ मि.मी.च्या बोल्टासाठी ८ मि.मी.चे गिरमिट आणले तर त्या भोकात बोल्ट सहज शिरत नाही. त्याला ८.५ किंवा ९ मि.मी.चे भोक लागते. तसेच ६ मि.मी.च्या बोल्टाला ६.५ मि.मी.चे भोक लागते. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला असला, तरी गावच्या लोहाराच्या तोंडी अजूनही सुताचे माप आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजेच ३.१७५ मि.मी. होय. त्या हिशेबाने दोन सुती बोल्ट ६.३५ मि.मी.चा असल्याने त्यालाही ६.५ चे गिरमिट चालते. तीन सुती बोल्ट ९.५ मि.मी.हून किंचित जाड असतो, त्याला १० चे गिरमिट योग्य होय. अशा रीतीने दोन्ही मापांची कामे थोड्या गिरमिटांत भागतात. १० मि.मी.चा बोल्ट ज्यांच्या यंत्राला असेल त्यांनी १०.५ चे गिरमिट घ्यावे. मात्र ते धरण्यास ड्रिलचा चक १३ मि.मी.चा असावा लागतो.

सर्वसाधारण शेतावर पुढील २३ नग पुरेसे होतात.

लोखंडाची गिरमिटे : ३ मि.मी. (२ नग), ४ मि.मी. (२ नग), ५, ६.५, ८.५ व १० मि.मी. (प्रत्येकी १ नग). एकूण ८. बारीक गिरमिटे लवकर मोडतात, म्हणून त्यांचे दोन नग ठेवावे.

भिंतीची गिरमिटे : ६, ८ व १० मि.मी. एकूण ३.

पेचाची बिटे : चौफुलीची (फिलिप्स) क्रमांक १ चे १, क्रमांक २ ची ३, क्रमांक ३ चे १, चपटी लहान व मोठे अशी २, ॲलन बोल्टाची ४, ५ व ६ मि.मी. अशी ३. एकूण १०.

याशिवाय बिट धरण्याचा चुंबकी दांडा १, आणि छपराच्या पत्र्याचे स्क्रू पिळण्याचा ८ मि.मी.चा सॉकेट १.

ठिबक संचाच्या उपनळीला भोक पाडण्याचे गिरमिट संच पुरवणाऱ्याने सांगितलेल्या मापाचेच घ्यावे व त्यासाठी पेटीत एक जागा वाढवावी.

पेटीचे माप कसे निघते

गिरमिटे आडवी ठेवली तर पेटी पसरट होते. उभी ठेवली तर थोड्या जागेत अधिक नग मावतात आणि प्रत्येक नग नजरेस पडतो. म्हणून ही पेटी उभ्या घाटाची आहे. तिचे दोन भाग आहेत : खाली भोके पाडलेला लाकडी ठोकळा, आणि त्यावर वरून बसणारे टोपण.

पेटीची उंची सर्वांत लांब गिरमिटावरून ठरते. १० मि.मी.चे साधे गिरमिट १३३ मि.मी. लांब असते. ठोकळा ३० मि.मी. जाड घेऊन त्यात २४ मि.मी. खोल भोक पाडले, म्हणजे भोकाखाली ६ मि.मी. लाकूड राहते. गिरमिटाचे टोक ठोकळ्याच्या तळापासून १३९ मि.मी. उंचीवर येते. वर ६ मि.मी. मोकळी जागा सोडली की टोपणाची आतील उंची १४५ मि.मी. ठरते. भिंतीची गिरमिटे निरनिराळ्या लांबीची येतात, म्हणून विकत घेतानाच ती या उंचीत बसतील अशी पाहून घ्यावीत.

लांबीचा हिशेबही सोपा आहे. दोन भोकांच्या कडांमध्ये ८ मि.मी. लाकूड ठेवावे, म्हणजे नग बोटांत धरता येतो व ठोकळा चिरत नाही. टोकांनाही तितकेच लाकूड ठेवावे. मागच्या ओळीत जाड अशी सहा गिरमिटे येतात. त्यांच्या जाडीची बेरीज ४९, मधल्या पाच जागांचे ४० आणि टोकांचे १६ मिळून १०५ मि.मी. होतात. म्हणून ठोकळा ११० मि.मी. लांब घ्यावा. दुसऱ्या ओळीत पाच बारीक गिरमिटे, दांडा व सॉकेट बसतात. पुढच्या दोन ओळींत पाच-पाच बिटे एकाआड एक अशी येतात. ठोकळ्याच्या मागच्या कडेपासून या चार ओळी अनुक्रमे १२, २८, ४२ व ५५ मि.मी. अंतरावर आखाव्या. ठोकळ्याची रुंदी ६५ मि.मी. ठेवावी.

लाकडाची निवड

ठोकळ्यासाठी जुन्या सागवानाचा तुकडा सर्वांत उत्तम. सागवानात तेलकट अंश असतो, त्यामुळे त्याला लागून असलेले लोखंड सहसा गंजत नाही. बाभूळ अवजारांच्या कामी मजबूत खरी. परंतु तिच्यात कातडी कमावण्यास उपयोगी पडणारा तुरट अंश असतो. ओल लागली की तो लोखंडाला काळे डाग पाडतो. म्हणून औताला बाभूळ चालते, पण या ठोकळ्याला ती वापरू नये. लाकूड कोणतेही असो, ते पूर्ण वाळलेले असावे. ओल्या लाकडात पाडलेली भोके लाकूड सुकताना आकसतात व वाकडी होतात.

करण्याची कृती

प्रथम ११० × ६५ मि.मी. मापाचा कागद घेऊन त्यावर सर्व भोकांचे मध्यबिंदू आखावे. हा कागद ठोकळ्यावर चिकटवून प्रत्येक बिंदूवर पोगराने खूण करावी. खूण न करता भोक पाडू लागल्यास गिरमिट सरकते आणि ओळ बिघडते.

गिरमिटांची भोके ज्या त्या गिरमिटानेच पाडावी. खोली सर्वत्र सारखी यावी म्हणून गिरमिटाच्या टोकापासून २४ मि.मी.वर चिकटपट्टी गुंडाळावी. पट्टी लाकडाला टेकली की थांबावे. नंतर काडीवर पॉलिश कागद गुंडाळून भोक अर्धा मि.मी. सैल करावे. पावसाळ्यात लाकूड फुगते. भोक घट्ट असेल तर त्या दिवसांत गिरमिट पकडीने ओढून काढावे लागते. भिंतीच्या गिरमिटांचे टोक पुष्कळदा दांड्याहून रुंद असते, म्हणून त्यांची भोके दांड्याच्या मापाची पाडावी.

पेचाच्या बिटांचा दांडा षटकोनी असून त्याच्या समोरासमोरच्या बाजूंतील अंतर पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. असते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तो ७.३ मि.मी. भरतो. त्याला ७ मि.मी.चे गोल भोक पाडले की सहा कोपरे लाकडात हलकेच रुततात आणि बिट उपडे केले तरी पडत नाही. फार घट्ट वाटल्यास कागदाने किंचित सैल करावे. या भोकांची खोली १२ मि.मी. पुरे, बिट २५ मि.मी. लांब असल्याने अर्धे वर राहते व बोटांनी धरता येते. दांडा व सॉकेट यांची शेपटीही अशीच षटकोनी असते. त्यांनाही ७ मि.मी.चेच भोक पाडावे.

तळासाठी ६ मि.मी. जाडीच्या प्लायवूडची १२४ × ७९ मि.मी.ची फळी घ्यावी. ठोकळा तिच्या बरोबर मध्ये सरस लावून, भोके चुकवून, चार स्क्रूंनी बसवावा. टोपणासाठी त्याच प्लायवूडच्या १२४ × १४५ मि.मी.च्या दोन, ६७ × १४५ मि.मी.च्या दोन आणि माथ्यासाठी १२४ × ७९ मि.मी.ची एक, अशा फळ्या कापाव्या. अरुंद फळ्या रुंद फळ्यांच्या मध्ये बसवल्या की आतील जागा ११२ × ६७ मि.मी. होते, आणि टोपण ठोकळ्यावर सर्व बाजूंनी एक मि.मी. सैल बसते. टोपण उडू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी तळापासून माथ्यावरून ओढून घ्यावी. ही पट्टी बिजागरी किंवा कडीपेक्षा स्वस्त पडते व शेतात मोडत नाही. बाहेरून वॉर्निशचे दोन हात द्यावे.

रिकामे भोक बोलते

प्रत्येक भोकाशेजारी त्याचे माप तेलरंगाने लिहावे. जेथे लागू असेल तेथे सुताचे मापही लिहावे. भिंतीच्या तीन गिरमिटांभोवती लाल चौकट काढावी. भिंतीचे गिरमिट लोखंड कापत नाही, आणि लोखंडाचे गिरमिट विटेत किंवा काँक्रीटमध्ये घातले तर त्याची धार तत्काळ जाते. घाईच्या वेळी ही चौकट ती चूक टाळते.

पेटीचा खरा उपयोग येथेच आहे. काम संपल्यावर टोपण घालण्यापूर्वी ठोकळ्याकडे पाहावे. एखादे भोक रिकामे असेल तर त्या मापाचा नग त्याच जागी, त्याच तासाला शोधावा. दुसऱ्या दिवशी तो नांगरटीखाली किंवा कडब्यात गेलेला असतो.

दुसरा नियम धारेचा. गिरमिटे दांडा खाली व टोक वर अशी ठेवावी, म्हणजे धार कशालाही घासत नाही. काम करताना लोखंडाचे गिरमिट बोथट झाल्याचे आढळले, तर ते आपल्याच भोकात उलटे, म्हणजे टोक खाली करून ठेवावे. पेटी उघडताच धार लावण्याजोगे नग कोणते ते कळते, आणि मोसमापूर्वी एकदाच सर्वांना धार लावून घेता येते. साध्या गिरमिटाच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो. दोन्ही ओठ सारख्या लांबीचे नसतील तर भोक मापाहून मोठे पडते, म्हणून हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. भिंतीच्या गिरमिटांचे टोक अतिशय कठीण पण ठिसूळ असते. त्याला साध्या सहाणेच्या चाकावर धार लागत नाही, आणि ते आपटल्यास तुकडा उडतो.

गंजापासून रक्षण

पावसाळ्यात, विशेषतः कोकणाच्या खाऱ्या हवेत, पोलाद चारदोन दिवसांत गंज धरू लागते. पावसाळ्यापूर्वी व प्रत्येक वापरानंतर यंत्राच्या पातळ तेलाचे बोट लावलेल्या सुती फडक्याने गिरमिटे पुसावी. पेटीत कापूस, स्पंज अथवा गोणपाट घालू नये. त्यांत ओल धरून राहते. रासायनिक खतांच्या गोण्या, मीठ व फवारणीची औषधे जेथे असतील तेथे पेटी ठेवू नये. खते हवेतील ओल ओढून घेतात आणि त्यांचे क्षार पोलाद खातात. वर्षातून दोनदा ठोकळा रिकामा करून, उपडा ठोकून, भोकांतील भुसा व लोखंडाचा कीस काढून टाकावा.

गावपातळीवरील कार्य

गावपातळीवरील सेवकांनी एक नमुना पेटी गावच्या सुताराकडून करवून घ्यावी आणि आखणीचा कागदी साचा ग्रामपंचायतीत ठेवावा, म्हणजे इतरांना माप शोधीत बसावे लागणार नाही. जेथे गटाची अवजार बँक आहे तेथे ही पेटी अधिकच उपयुक्त ठरेल. पेटी देताना २३ भोके भरलेली पाहून द्यावी व घेताना तशीच पाहून घ्यावी. नग मोजण्याची गरज पडत नाही, वादही होत नाही. हरवलेला किंवा मोडलेला नग त्याच आठवड्यात आणून ठेवण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी.

या पेटीसाठी लाकडाचा एक तुकडा, थोडे प्लायवूड आणि सुताराचा एक दिवस एवढेच लागते. उन्हाळ्यात, औजारे दुरुस्तीला काढण्याच्या वेळीच ती करून ठेवावी. मृगाचा पाऊस पडल्यावर तिची आठवण होऊन उपयोग नाही.