जड शब्दांचा कारभार

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसील कचेरीच्या आवारातल्या सेतू केंद्रापुढे रांग लागते. रांगेतल्या कुणालाही विचारा, कशासाठी आलात? उत्तरं ठरलेली: 'डोमिसाईल', 'नॉन क्रिमिलेअर', 'व्हॅलिडिटीचं काम आहे'. खिडकीवरच्या फलकावर मात्र 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' असतं आणि त्याखाली 'उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याबाबतचे प्रमाणपत्र'. या दुसऱ्या नावातून एका दमात बाहेर पडणं खिडकीमागच्या माणसालाही कठीण, म्हणून तोही 'नॉन क्रिमिलेअर का?' असंच विचारतो.

मराठी अवघड आणि इंग्रजी सोपी, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण त्याच रांगेत उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा मागणारेही उभे असतात, आणि त्यांना इंग्रजी नाव शोधावं लागत नाही. सातबारा तर मुळात नावच नव्हे. महसुली दप्तरातला गाव नमुना सात हा हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. हे दोन आकडे लोकांनी सांधले आणि त्यातून एक शब्द उभा राहिला. कुठल्याही कोशमंडळाने तो घडवलेला नाही. तरी तो इतका मुरला आहे, की ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही असा माणूसही भांडणात 'रस्त्याचा सातबारा तुझ्या नावावर आहे काय?' असं विचारून मोकळा होतो.

मग जड शब्द ओळखायचा कसा? लांबीवरून म्हणावं, तर 'हक्कसोडपत्र' सहा अक्षरी आणि 'निष्पादन' चार अक्षरी. पहिला शब्द वडिलांच्या जमिनीवरून भावाबहिणीत बोलणं निघालं की आपोआप कळतो. दुसरा, दस्तावर सह्या करून तो पुरा करणे या अर्थाचा, नोंदणी कचेरीतल्या कागदावर शेकडो वेळा येतो आणि सही करणाऱ्याला पत्ता नसतो. संस्कृत असणं हाही निकष लागू पडत नाही. हक्कसोडपत्रात हक्क अरबी, सोड मराठी आणि पत्र संस्कृत. तीन भाषा एका शब्दात गुण्यागोविंदाने नांदतात आणि अर्थ कुठेही अडत नाही.

मराठीत जड शब्दांची तक्रार फार जुनी आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांना संस्कृत जाणणाऱ्या शिष्यांनी पंडिती भाषेत प्रश्न केला, तेव्हा आपल्याला चक्रधरांनी मराठीत सांगितलं आहे, मराठीतच विचारा, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिल्याचं 'स्मृतिस्थळा'त नोंदलं आहे. ग्रंथ संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजालाही त्यांनी अडवलं. कारण काय, तर तसं झालं तर पंथातल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. समोर कोण बसलं आहे हे बघून भाषा ठरवायची, हा विचार इतक्या स्पष्टपणे मराठीत पुढे कित्येक शतकं कुणी मांडला असेल असं मला वाटत नाही.

नंतर कारभार फारसीत गेला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची मराठी पत्रं आज हातात घेतली तर क्रियापदं आणि प्रत्यय मराठी, बाकी बहुतेक माल फारसी-अरबी. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, तो या पार्श्वभूमीवर. दहा वर्गांत सुमारे १४०० शब्द: दरबार, किल्ले, शस्त्रं, लेखन, बाजारपेठ, सगळ्यांना संस्कृत प्रतिशब्द. मुजुमदार झाला अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती. मराठी पत्रांतलं फारसी शब्दांचं प्रमाण पुढच्या काळात कसं घटत गेलं, हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी पत्रांतले शब्द मोजून दाखवलं आहे.

या कोशाचं पुढे काय झालं हे बघण्यासारखं आहे. सचिव आज मंत्रालयात बसतो. पेशव्याला कोशाने प्रधान केलं, शिक्क्यांवर तो प्रधानच राहिला, पण लोकांनी त्याला पेशवाच म्हटलं आणि इतिहासातही तेच नाव राहिलं. हवालदार, किल्लेदार, हिशेब, कागद, जमाखर्च कुणी हलवू शकलं नाही. राजाज्ञा मागे उभी असतानाही काही शब्द रुजले, काही नाहीत. शब्दाचं वजन ठरवणारी मंडळी दरबारात नव्हती, एवढं यावरून कळतं.

एकोणिसाव्या शतकात जड भाषेला नवं काम मिळालं. कोण लेखक आणि कोण नव्हे, हे ठरवण्याचं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली. तिचं गद्य डौलदार, संस्कृतप्रचुर, इंग्रजी निबंधकारांच्या वळणाचं. त्याच मालेतून त्यांनी जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. आज दोघांना शेजारी ठेवून वाचलं की चिपळूणकरांच्या वाक्याची बांधणी दाद घेते, यात वाद नाही. पण कचेरीतल्या कागदापुढे शेतकऱ्याची कशी कुचंबणा होते हे समजून घ्यायचं, तर 'शेतकऱ्याचा असूड'च उघडावा लागतो. व्याकरणाचा दंडुका ज्याच्यावर उगारला, त्यालाच या प्रश्नाचं मर्म कळलं होतं.

सावरकरांच्या भाषाशुद्धीबद्दल बोलताना लोक एकतर हात जोडतात नाहीतर हसतात. दोन्ही घाईचं आहे. महापौर, दिनांक, क्रमांक, चित्रपट, दिग्दर्शक, हुतात्मा असे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात आणि ते वापरताना आज कुणाची जीभ अडखळत नाही. बोलपट हाही तसाच एक. पण सगळेच पट बोलू लागल्यावर त्याची गरजच संपली. नभोवाणीला आकाशवाणीने मागे टाकलं. मध्यंतर नाटकात टिकलं, सिनेमाच्या थिएटरात मात्र समोसा इंटरव्हललाच मिळतो. आणि 'अग्निरथगमनागमन' किंवा 'कंठलंगोट' छापाचे जे शब्द भाषाशुद्धीच्या माथी मारले जातात, ते थट्टेसाठी रचलेले आहेत. थट्टा चांगली जमली म्हणून तो पुरावा होत नाही. या चळवळीतलं सर्वांत चटका लावणारं उदाहरण माधव जूलियनांचं. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश देणारा, मराठीत गझल रुजवणारा हा कवी पुढे भाषाशुद्धीकडे वळला, १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं आणि स्वतःच्याच कवितांतले फारसी शब्द काढायला बसला. ज्या शब्दांवर इतकं प्रेम केलं ते असे खुडता येतात?

महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झालं आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं. कारभार मराठीत आणायचा तर पदांची नावं, शेऱ्यांचे नमुने, कायद्यांच्या संज्ञा, सगळं एकदम हवं होतं. १९६२ मध्ये 'पदनाम कोश' निघाला आणि आचार्य अत्र्यांनी त्याचा 'बदनाम कोश' केला. अत्र्यांचा टोला लोकांच्या लक्षात राहिला, कोशातली बरीच नावंही राहिली. कार्यकारी अभियंता, जिल्हाधिकारी हे आज कुणाला परके वाटतात? अर्थात, मोर्चा काढणारे अजून कलेक्टर कचेरीवरच जातात. अलीकडे तलाठ्याचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' झालं, ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी' झाला. पगारवाढीइतकंच पदनामवाढीलाही मोल असतं, हे कर्मचारी संघटना चांगलं ओळखतात. गावात दोघांनाही पूर्वी 'भाऊसाहेब' म्हणत, आजही म्हणतात.

सरकारी मराठीची चेष्टा करणारे नेहमी शब्दांवर तुटून पडतात. दोष शब्दांत थोडा आणि वाक्यात जास्त आहे, असं माझं मत आहे. हा नमुना बघा: 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, प्रस्तुत प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही करण्याची बाब विचाराधीन आहे.' दहावी झालेल्या माणसाला यातला एकही शब्द अडू नये. तरी पत्र वाचून झाल्यावर कळतं काय? कोण कळवतो, ते नाही. कुठला नियम, ते नाही. कार्यवाही कोण करणार, कधी करणार, नाही. 'करण्यात येते' हा सरकारी मराठीचा कणा आहे आणि त्यात करणारा माणूस नाहीसा होतो. पोलिसांच्या पंचनाम्यातही 'सदर इसम मयत स्थितीत मिळून आला' असं असतं. तिथे निदान पंचांच्या सह्या खाली असतात.

गंमत अशी, की शिवकालीन पत्रं फारसी शब्दांनी भरलेली असूनही या बाबतीत स्वच्छ आहेत. अमक्याने तमक्याला लिहिलं आहे, अमुक काम करणे, जाणिजे. शब्द परके, पण कर्ता समोर उभा. आजच्या पत्रात शब्द आपले आणि कर्ता फरार.

जड शब्द वापरल्याने माणूस हुशार वाटतो, या समजाचीही एकदा परीक्षा झाली आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या डॅनियल ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञाने एकाच मजकुराची सोपी आणि मुद्दाम अवघड केलेली रूपं वाचकांना दिली. गरज नसताना लांब शब्द कोंबलेला मजकूर वाचून वाचकांनी लेखकाला कमी बुद्धिमान ठरवलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाला त्याने शीर्षक मात्र जाणूनबुजून अगडबंब दिलं, आणि त्याच वर्षी त्याला साहित्यासाठीचं इग् नोबेल मिळालं. यात 'गरज नसताना' हे शब्द विसरू नयेत. वकिलाने 'कुलमुखत्यारपत्र' म्हणणं आणि तालमीच्या अध्यक्षाने 'माझ्या अल्पमतीनुसार' म्हणणं यात फरक आहे.

काही ठिकाणी जड शब्द कळण्यासाठी नसतोच, तो नटण्यासाठी असतो, आणि तिथे माझी काही हरकत नाही. लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि 'चि. सौ. कां.' नसेल तर आजीला लग्न झाल्यासारखं वाटणार नाही. चौकातल्या फ्लेक्सवर 'कार्यसम्राट' वाचून कुणी साम्राज्य शोधत नाही. पत्रिकेतल्या शब्दाला पैठणीचा मान आहे. ती नेसून कुणी शेतात जात नाही एवढंच.

आज मात्र संस्कृत शब्दांवर चिडणं म्हणजे जुन्या शत्रूशी लढत बसणं आहे. रुबाब आता इंग्रजीत गेला आहे. दवाखान्यात 'पेशंट स्टेबल आहे, पण प्रोग्नोसिस गार्डेड आहे' असं सांगितलं की नातेवाईक मान डोलावतात आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारतात, म्हणजे बरा आहे ना? बँकेत 'आधार सीडिंग झालेलं नाही'. लाडकी बहीण योजनेचे पैसे चालू राहण्यासाठी बायकांना 'ई-केवायसी' करायला सांगितलं गेलं, तेव्हा हा शब्द महिन्या-दोन महिन्यांत वाडीवस्तीवर पोचला. कशाचं लघुरूप आहे हे कुणी विचारलं नाही, पण काय करायचं आणि कुठे जायचं ते सगळ्यांना ठाऊक झालं. रेशन दुकानातल्या यंत्राबाबत तर लोकांनी कुणाची वाट पाहिली नाही. बायोमेट्रिक प्रमाणीकरण अयशस्वी झालं, याला रांगेतली बाई म्हणते, 'मशीन अंगठा घेत नाही'. कष्टाने रेषा झिजलेल्या बोटांचं दुखणं चार शब्दांत बसलं. शेतकऱ्याची 'डीपी जळाली', 'थ्री फेज रात्रीच येते', हेही तसंच. गरज असली की इंग्रजी लघुरूपसुद्धा रानात राबायला लागतं.

सरकारी मराठी सुधारायची तर नवे शब्द घडवण्याआधी वाक्यात माणूस परत आणावा लागेल, आणि तिथेच खरी अडचण आहे. 'तुमचा अर्ज ३ तारखेला मिळाला, मोजणी २० तारखेपर्यंत करू' असं लिहिलं की लिहिणारा बांधला जातो. 'विचाराधीन' लिहिलं की तो मोकळा राहतो. अवघड भाषा अडाणीपणातून येते असं आपण समजतो. बऱ्याचदा ती चांगल्या शहाणपणातून येते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने नेमका इथे हात घातला आहे. त्याखाली अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेपुढे किती दिवसांत ती द्यायची, कुणी द्यायची आणि न दिल्यास अपील कुणाकडे करायचं हे लिहून कार्यालयात लावावं लागतं. कायद्यातले शब्द काही हलके नाहीत: 'पदनिर्देशित अधिकारी', 'प्रथम अपील प्राधिकारी', 'द्वितीय अपील प्राधिकारी'. 'पदनिर्देशित' तर जिभेवरून घसरतोच. पण या शब्दाखाली एक खुर्ची लिहिलेली असते आणि शेजारी दिवसांचा आकडा असतो. सेतूच्या रांगेत उभं राहिलात तर तो तक्ता भिंतीवर शोधा. बहुधा कपाटाच्या मागे असतो.