फाइलला नाव कसे द्यावे?

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या कार्यालयात कामाला होतो. एके दिवशी एक माजी विद्यार्थिनी वडिलांबरोबर आली. तिला शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत हवी होती. कॉलेजात प्रवेश घेण्याचा तो शेवटचा दिवस होता.

दाखले स्कॅन करून संगणकात ठेवलेले होते. पण फायलींची नावे कशी? ‘दाखला’, ‘नवा दाखला’, ‘शेख दाखला’, ‘शेख दाखला शेवटचा’! शेख आडनावाची मुले तर प्रत्येक वर्गात होती. एकेक फाइल उघडून पाहता पाहता संध्याकाळ झाली. दाखला मिळाला, पण तोपर्यंत कॉलेजचे कार्यालय बंद झाले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांकेतिक क्रमांक तयार करायला बसलो. विद्यार्थ्याचे नाव त्यात घ्यावे, असे आधी वाटले. पण एकाच नावाची अनेक मुले असतात. शिवाय कोणी ‘शेख’ लिहितो, कोणी ‘शैख’. इयत्ता घ्यावी, तर ती दरवर्षी बदलते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला क्रमांक मात्र बदलत नाही आणि त्या रजिस्टरात दुसऱ्या कोणाला मिळत नाही. म्हणून तोच पहिला घेतला.

सांकेतिक क्रमांक कसा असावा, याचा चांगला नमुना आपल्या रोजच्या पत्त्यात आहे. तो म्हणजे पिन कोड. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. आपल्या देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत आणि पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिले जातात. मालेगावचा पिन कोड ४२३२०३ पाहा. पहिला अंक देशाचा मोठा विभाग सांगतो. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस दाखवतात. आधी मोठे, मग लहान.

तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता, पण आकडा लिहिताना मोठ्या स्थानाचा अंक डावीकडेच ठेवता. त्यामुळे असा क्रमांक उर्दू वाचणाऱ्याला आणि मराठी वाचणाऱ्याला सारखाच कळतो.

तारखेलाही आम्ही हाच नियम लावला. १४ जून २०१९ ही तारीख २०१९०६१४ अशी लिहिली: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. अशा तारखा संगणक आपोआप ओळीने लावतो. दिवस आधी लिहिला, तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात!

जूनच्या ६ मागे शून्य का? पुष्कळ प्रोग्रॅम नावातले एकेक अक्षर पाहून क्रम लावतात. त्यांच्या हिशेबी १० हा २ च्या आधी येतो, कारण १ हा २ च्या आधी आहे. ०२ लिहिले की क्रम बरोबर लागतो. म्हणून रजिस्टरचा ४८२७ हा क्रमांक आम्ही ०४८२७ असा लिहिला.

कागदाच्या प्रकारालाही दोन अंक दिले: ०१ प्रवेश अर्ज, ०२ गुणपत्रक, ०३ शाळा सोडल्याचा दाखला. प्रकार तेव्हा सातच होते, पण पुढे बारा झाले तर? तेव्हा एका दाखल्याचे नाव झाले ०४८२७-०३-२०१९०६१४. त्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे सगळे कागद आता एकाखाली एक दिसू लागले.

प्रकारांची यादी आम्ही कपाटाच्या दारावर चिकटवली. जुन्या फायलींची नावे बदलायला मात्र दिवाळीची सुट्टी उजाडली.